मोजणीत कोण नाही

आज एक आकडा घेऊन बसायचं आहे. घाई करू नका. मोबाईल जरा लांब ठेवा, मागे भिंत असेल तर पाठ टेका आणि हा आकडा मनातल्या मनात सावकाश वाचा : १,२१,०८,५४,९७७. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या एवढी भरली. सेकंदाला एक माणूस या वेगाने, रात्रंदिवस न थांबता मोजत गेलात, तरी ही मोजणी पुरी व्हायला अडतीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

एवढा आकडा मनात मावत नाही. तो वाचून आपण घाबरतो तरी, नाहीतर पान उलटतो तरी. म्हणून तो आहे तिथेच राहू द्या. आपण एका लहान जागी जाऊन बसू.

वाटूर फाटा. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता, आणि त्यालाच फुटलेला परतूरचा रस्ता. परतूरला मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे मुंबईकडे किंवा हैदराबादकडे निघालेली माणसं या फाट्यावरून जातात. दोन्ही बाजूंना काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परतूर तालुका पुढेही परभणी जिल्ह्यातच राहिला आणि १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा इकडे आला. या भागातल्या एखाद्या जुन्या घरातली आजी आठवा. ती १९४१ ला निजामाच्या संस्थानात मोजली गेली असेल, १९५१ ला हैदराबाद राज्यात, १९६१ ला महाराष्ट्राच्या परभणी जिल्ह्यात आणि १९९१ ला जालना जिल्ह्यात. उंबरठा तोच. तिच्यावरचे रकाने बदलत गेले.

लोकसंख्येचा विषय निघाला की आपण विचारतो, किती आहेत? किती झाले? कधी थांबणार? आज तो प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू. फाट्यावर बसून दुसरा प्रश्न मनात धरू : इथे कोण नाही? जे असायला हवे होते आणि नाहीत, ते कुठे गेले? मला वाटतं, जिल्ह्याची, राज्याची, देशाची लोकसंख्या कळण्याची वाट या प्रश्नातून जाते.

एक सावकाश श्वास घ्या. समोर एसटी येऊन थांबली आहे असं समजा. चढणाऱ्यांकडे आणि उतरणाऱ्यांकडे नुसतं पाहा. अजून मोजू नका.

उतरणाऱ्यांत एक म्हातारी आहे. नऊवारी, कमरेला पिशवी, हातात काठी. तिला वय विचारलंत तर ती वर्ष सांगणार नाही. "रझाकारात मी पाळण्यात व्हते," म्हणेल, म्हणजे निजामाच्या राज्याच्या अखेरीस. कुणी म्हणेल, बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं. मराठवाड्यात एका अख्ख्या पिढीने आपलं वय असंच सांगितलं. मोजायला आलेले मास्तर मग अंदाज करून ६० नाहीतर ६५ लिहितात. जनगणनेच्या वयाच्या तक्त्यात शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या वयांशी माणसांचे ढीग लागलेले दिसतात, ते यामुळे. पुढे कधी असा तक्ता हाती आला, तर त्या ढिगांवर डोळे थोडे रेंगाळू द्या. त्यांच्या आत कुणाचा रझाकार आहे, कुणाचा दुष्काळ.

आता या आजीला मनातच दुसरा प्रश्न विचारा. मुलं किती?

ती दोन आकडे सांगेल. "नऊ झाले, पाच ऱ्हायले." आपल्याकडच्या प्रत्येक घरात हे वाक्य कुणी ना कुणी म्हटलेलं आहे. तुमच्या आजीने किंवा पणजीने म्हटलेलं आठवतं का, पाहा. किती झाले होते? किती राहिले? जे राहिले नाहीत त्यांची नावं घरात कुणाला माहीत आहेत का? जनगणनेचा अर्जही विवाहित स्त्रीला हेच दोन प्रश्न विचारतो : आजवर जन्मलेली मुलं किती, आणि आज हयात किती. त्या दोन रकान्यांमधली वजाबाकी हा या देशाच्या लोकसंख्येचा जुना इतिहास आहे.

त्या वजाबाकीपाशी थोडं थांबू.

हैदराबाद संस्थानात १८९१ ला सुमारे १ कोटी १५ लाख माणसं होती, १९०१ ला १ कोटी ११ लाख. मधे मोठा दुष्काळ होता, संवतातल्या वर्षावरून ज्याला छप्पन्नचा म्हणतात. पुढच्या दहा वर्षांत संख्या वाढून १ कोटी ३३ लाखांवर गेली, आणि १९२१ ला पुन्हा १ कोटी २४ लाखांवर आली. मधे १९१८ ची मानमोडी होती, जिला जग इन्फ्लुएंझा म्हणतं. १९११ ते १९२१ या दशकात सबंध भारताचीही लोकसंख्या थोडी घटली. त्यानंतर मात्र ती कधी घटली नाही, म्हणून लोकसंख्येचे अभ्यासक १९२१ ला मोठी सीमारेषा मानतात. तेव्हा बायकांना मुलं कमी होत नव्हती. होत होती, आणि जात होती. पाचव्या दिवशी सटवाई पुजायची, कारण पाचवा दिवस उजाडेलच याची खात्री नव्हती. दोन-तीन मुलं गेल्यावर पुढच्याचं नाव दगडू ठेवायचं, धोंडू ठेवायचं, केरबा ठेवायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर पडणार नाही. मतदारयाद्यांत ही नावं अजून सापडतात, पण आता फक्त उतारवयाच्या माणसांची. एक नाव मनात धरा : दगडू. त्या नावाच्या अलीकडे न राहिलेली भावंडं उभी आहेत.

मग काय झालं? १९५१ ला भारत ३६ कोटी होता, २०११ ला १२१ कोटी. साठ वर्षांत तिप्पटीहून जास्त. याला आपण स्फोट म्हणायला शिकलो. शाळेच्या निबंधात लिहिलं, भिंतींवर रंगवलं. आता हा शब्द खाली ठेवून झालेली गोष्ट नीट पाहा. या साठ वर्षांत बायकांनी आपल्या आज्यांपेक्षा जास्त मुलं जन्माला घातली नाहीत. मुलं मरायची थांबली. देवीची लस गावोगाव पोचली, क्षयाची औषधं आली, हिवतापावर फवारणी झाली. बहात्तरला दुष्काळी कामांवर खडी फोडून माणसं जगली. हगवणीत मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, हे आयांना कळलं. १९७१ ला देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २०२३ ला तो आकडा २५ वर आला. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहतीस वर्षांचं होतं, आज ते सत्तरच्या घरात आहे.

मरण आधी मागे हटलं. जन्म त्यानंतर कमी झाले. दोन्हींच्या मधे काही दशकं गेली, आणि लोकसंख्या वाढली ती त्या दशकांत. नऊ झाले आणि आठ राहिले, अशी एक पिढी मधे येऊन गेली. ज्यांना आपण वाढलेली गर्दी म्हणतो, त्यांत आपले काका आहेत, मावश्या आहेत, कदाचित तुमची आई आहे. शंभर वर्षं आधी जन्मली असती तर जिचं नाव आज कुणाला आठवलं नसतं, अशी. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. घाई नको. तो आणूनच पुढे वाचा.

आता एसटीत चढणाऱ्यांकडे पाहू. तिशीतली एक बाई आहे, सोबत दोन मुलं. तिला विचाराल तर सांगेल, दोनच, ऑपरेशन झालंय.

मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ ला, म्हणजे त्याच सीमारेषेच्या वर्षी. १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. खटले अंगावर घेतले, नोकरी गमावली. १९५२ ला भारताने सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, तो जगातला पहिला. मग त्याचं चिन्ह, लाल त्रिकोण, आला, आणीबाणी आली, नसबंदीचे उद्दिष्ट ठरवून दिलेले कॅम्प आले. १९७६ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकलं नाही. पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची तर १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं चालणार नाही, अशी अट आली. हा सगळा इतिहास माहीत असावा, पण इथे त्यावर फार रेंगाळायची गरज नाही.

रेंगाळायचं ते त्या बाईपाशी. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या एका स्त्रीला आयुष्यात सरासरी २.९ मुलं होतील असा हिशेब निघाला होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ वर आला. देशाचा आकडा त्याच काळात ३.४ वरून २.० वर. आई-बापांची जागा घ्यायला सरासरी २.१ मुलं लागतात, म्हणजे महाराष्ट्र त्या रेषेच्या बराच खाली गेलेला आहे. हा उतार कुणाच्या अंगावरून गेला, याकडे पाहा. २०१९-२१ च्याच पाहणीत राज्यातल्या मूल होण्याच्या वयातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांचं संततिनियमनाचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आहे, टाके जवळजवळ नसतात, दोन-चार दिवसांत माणूस कामाला लागतो. तरीही असं आहे. देशाच्या आकड्यांचा आलेख खाली आला, त्याची खूण ग्रामीण रुग्णालयात टाके घालून, आठवडाभर आईकडे राहून, पुन्हा कापूस वेचायला गेलेल्या बायकांच्या पोटावर आहे. 'वाढत्या लोकसंख्येला आळा' असं वाक्य वाचलं, की हा आळा घातला कुणी, याची आठवण यावी असं मला फार वाटतं. या मुलखातल्या बायकांनी तो घातला, आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.

इथे एखाद्याच्या मनात शंका येईल : मुलं कमी होतात, तर संख्या अजून का वाढते? २०२३ ला आपण चीनच्याही पुढे गेलो, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, आणि तोच अंदाज सांगतो की २०६० च्या दशकात १७० कोटींच्या आसपास जाऊन आपली संख्या उतरू लागेल. तर फाट्यावरच्या त्या एसटीत पाहा. अर्ध्याहून जास्त बाकांवर तिशीच्या आतली माणसं आहेत. ती आता संसार थाटणार. प्रत्येक घरात दोन किंवा एकच मूल झालं तरी घरंच जास्त आहेत, म्हणून मुलं जास्त. धावती एसटी ब्रेक दाबल्यावर जशी थोडी पुढे जाऊन थांबते, तसं हे आहे. ब्रेक कधीच दाबला गेलाय.

आता श्वास जरा खोल घ्या. पुढची गोष्ट जड आहे.

गावातली अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा. सतरंजीवर मुलं बसली आहेत. एका बाजूला मुलगे बसवा, दुसऱ्या बाजूला मुली. निसर्गाच्या हिशेबाने हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असायला हव्यात. २०११ ला जालना जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलग्यांमागे सुमारे ८७० मुली होत्या. शेजारच्या बीडमध्ये ८०७. सबंध राज्यात ८९४. १९९१ ला राज्याचा आकडा ९४६ होता, २००१ ला ९१३. हा उतार सोनोग्राफीबरोबर आला. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ ला केला, केंद्राचा १९९४ ला झाला, आणि उतार त्या दोन्ही कायद्यांनंतरही चालू राहिला. दोन मुलांचा आग्रह आणि एक तरी मुलगा हवाच हा आग्रह एका घरात राहायला आले, तेव्हा वजा झाली ती मुलगी. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हा परिषदेने अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली. आधीचं सगळ्यांचं नाव नकुशी. नकुशी निदान जन्मली तरी होती. तिला पाटावर बसवून नवं नाव देता आलं.

सतरंजीच्या मुलींच्या बाजूला मोकळी जागा आहे. ती भरू नका. तिच्यासाठी आलेख, उपाय, घोषणा काही आणू नका. जेवढा वेळ बसवेल तेवढा वेळ त्या जागेकडे पाहा.

ती जागा वयाने वाढते आहे. २०११ ला जी सहा वर्षांपर्यंतची होती, ती मुलं-मुली २०२७ ला सोळा ते बावीस वर्षांची. याआधीच्या पिढीचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे : डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. पारावर, सोयरिकीच्या बैठकीत, वधू-वर मेळाव्यात मराठवाड्यात हाच विषय असतो. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, यात शेतीचा तोटा आहे, नोकरीचा हट्ट आहे. सगळा दोष त्या एका आकड्याचा नाही. तरी त्या मुलांबद्दल कळवळा वाटताना क्रम चुकू नये असं मला वाटतं. आधी त्या मुली गेल्या. मुलगा बिनलग्नाचा राहिला हे नंतरचं.

आणि ज्या मुली आहेत, त्यांची बालपणंही मधेच तुटतात. २०१९-२१ च्या पाहणीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ४८ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २२ च्या आसपास आहे. या फरकामागे गरिबी आहे, मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती आहे, गावात दहावीच्या पुढची शाळा नसणं आहे, आणि ऊसतोडही आहे.

त्या ऊसतोडीकडे आता जाऊ.

दिवाळी झाली की जालना, बीड, परभणी या पट्ट्यातल्या कितीतरी वस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत संसार भरला जातो : पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, गव्हाचं-ज्वारीचं पोतं, गोधड्या, एखादी शेळी, आणि वर मुलं. मुकादमाकडून उन्हाळ्यातच उचल घेतलेली असते, ती आता फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत दोन माणसं एक धरली जातात. सोळा-सतराची मुलगी एकटी घरी ठेवायची नाही, एकट्या मुलाला पुरी उचल मिळत नाही. मग लग्न लावलं की कोयता झाला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटक. कारखान्याच्या आवारात नाहीतर शेताच्या बांधावर कोपी घालायची आणि मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत, पहाटे उठून ऊस तोडायचा, गाडी भरायची.

आता तारखांकडे लक्ष द्या. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. या सबंध काळात जो घरी नाही, त्याला घरच्या गावी धरायचं नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम होता. नियमात चूक नाही. एका माणसाची दोनदा मोजणी होऊ नये म्हणून तो आहे. पण फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा भर. गावातल्या त्या घरांना तेव्हा कुलूप असतं, नाहीतर आत एक म्हातारा, एक म्हातारी आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडं. गावाच्या आकड्यातून कोयता वजा होतो. दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या उसाच्या फडात मोजणारे पोचले, तर तिथे मिळवला जातो. पोचले नाहीत तर कुठेच नाही.

त्या कुलपाकडे पाहा. ते कुणाचं घर, हे शेजाऱ्यांना माहीत आहे. किती माणसं, कुठल्या कारखान्यावर, मुकादम कोण, सगळं गाव सांगू शकतं.

असं न मोजलेलं माणूस पुढे कुठे अडतं? रेशनच्या दुकानात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचे लाभार्थी ठरले ते २०११ च्या लोकसंख्येवर. महाराष्ट्राचा इष्टांक सात कोटींवर बांधला गेला. त्यानंतर जन्मलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना तहसीलमध्ये नाव चढवायला गेल्या की ऐकतात, इष्टांक संपलाय. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि जातच राहिली. २०११ नंतर जन्मलेलं एखादं मूल आज सातवी-आठवीत आहे, आणि देशाच्या मोजणीत ते अजून एकदाही आलेलं नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याच्याकडे आज एकदा या नजरेने पाहा.

फाट्यावर आता ऊन कलतं आहे. बाकावर कोण उरलं? म्हातारी माणसं. २०११ ला महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं शंभरात जवळपास दहा होती, आणि तरुण शहराकडे गेल्याने खेड्यांत ती नजरेला जास्तच भरतात. पुण्याच्या गोखले संस्थेत कुमुदिनी दांडेकरांनी वि. म. दांडेकरांबरोबर पुणे जिल्ह्यातल्या जन्ममृत्यूंची पाहणी केली, ती स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत. त्याच कुमुदिनीबाईंनी १९९६ ला भारतातल्या वृद्धांवर पुस्तक लिहिलं. जन्मदरापासून म्हातारपणापर्यंतचा देशाचा प्रवास एका अभ्यासक बाईच्या कामाच्या आयुष्यात बसला. जपानला म्हातारपण आलं तेव्हा गाठीशी पैसा होता. आपल्याकडे ते पेन्शन नसलेल्या, पीकपाण्यावर जगलेल्या माणसांना येतंय, आणि त्यांना बघायला दोनच मुलं आहेत : एक पुण्याला चाकणच्या कंपनीत, दुसरं फडात. दुसरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरतो आहे, वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा आहे. अंगणवाडीच्या ओट्यावर मुलं कमी, आणि मंदिराच्या ओट्यावर म्हातारे जास्त, हे आधी केरळात दिसलेलं चित्र आता आपल्याकडे आलं आहे. सरकारी योजना मात्र अजून बहुतेक 'वाढत्या' लोकसंख्येच्या भाषेत बोलतात. गावाला पाळण्याइतकीच काठीची सोय लागणार आहे, हे ग्रामसभेने आता ठरवायला हवं.

एवढं पाहून झालं. आता डोळे मिटून आपल्या घराची मोजणी करा. आधी हजर असलेल्यांची. मग बाहेर असलेल्यांची : शहरात, परदेशात, फडात. मग न राहिलेल्यांची. मग, घरात कुणाला माहीत असेल तर, जन्मू न दिलेल्यांची. शेवटच्या रकान्यापाशी मन मागे सरेल. सरू द्या, पण रकाना खोडू नका.

पुढची जनगणना ठरली आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि संदर्भाची तारीख १ मार्च २०२७. या वेळी मोबाईलवर नोंद होणार, जातही विचारली जाणार, स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय असणार. तोवर हातात असलेलं काम साधं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर एकदा बसा आणि त्यांचं वय दुष्काळ, रझाकार, लग्न, पहिलं मूल या खुणांवरून नीट जुळवून लिहून ठेवा, म्हणजे मास्तरांना अंदाजाने ६५ लिहावं लागणार नाही. किती झाली आणि किती राहिली, हे बाईला विचारलं जाईल तेव्हा तिलाच सांगू द्या; तिच्या वतीने दारातून उत्तर देऊ नका. आणि शेजारी कुलूप असेल, तर 'कुणी नाही' म्हणून मास्तरांना पुढे पाठवू नका. कोण, किती जण आणि कुठल्या कारखान्यावर आहेत ते सांगा. त्याच दिवशी फडात फोन लावून विचारा, तुमच्या कोप्यांवर मोजायला कुणी आलं होतं का. आलं नसेल, तर मोजणीचे दिवस संपायच्या आत तिथल्या तलाठ्याला, तहसीलला जाऊन सांगायला लावा, कोयता म्हणून नव्हे, दोघांची वेगवेगळी नावं घेऊन, आणि सोबतच्या मुलांचीही.